हाताबाहेर गेलेलं पोर आणि चौदा बैठका

दक्षिण आफ्रिकेच्या ईस्टर्न केप प्रांतात, किंग विल्यम्स टाउनच्या परिसरातल्या ४० वस्त्यांमध्ये २०१५ साली एक प्रयोग सुरू झाला. शाळा, समाजसेवक आणि गावातली जाणती माणसं यांना विचारून, शिवाय घरोघरी फिरून, अशी कुटुंबं शोधली गेली की जिथे दहा ते अठरा वर्षांचं मूल आणि त्याला सांभाळणारं मोठं माणूस यांच्यात सतत खटके उडतात. अशी ५५२ कुटुंबं तयार झाली. चिठ्ठ्या टाकाव्यात तशा रीतीने ४० पैकी २० वस्त्या निवडल्या गेल्या आणि तिथल्या कुटुंबांना आठवड्यातून एकदा, अशा चौदा बैठकांना बोलावलं गेलं. उरलेल्या २० वस्त्यांत स्वच्छतेविषयी एका दिवसाचा कार्यक्रम झाला. मग काही महिने जाऊ दिले आणि दोन्हीकडच्या मोठ्यांना आणि मुलांना वेगवेगळं बसवून विचारलं: घरात किती वेळा मारलं गेलं, किती वेळा घालूनपाडून बोललं गेलं, किती वेळा कुणी विचारपूस केली?

या कार्यक्रमाचं नाव 'सिनोवुयो टीन'. ऑक्सफर्ड विद्यापीठातल्या ल्युसी क्लुव्हर, दक्षिण आफ्रिकेतल्या विद्यापीठांमधले त्यांचे सहकारी, जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मिळून उभ्या केलेल्या मोठ्या उपक्रमाचा तो एक भाग. वयात येणाऱ्या मुलांवर घरात होणारा अत्याचार टाळण्यासाठी गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत आखलेला आणि इतक्या काटेकोरपणे तपासलेला कार्यक्रम त्याआधी जवळजवळ नव्हताच. म्हणून या प्रकरणात आपण मुक्काम तिथेच करणार आहोत.

या प्रांताचा मोठा भाग म्हणजे वर्णद्वेषी राजवटीने आखलेले ट्रान्सकाय आणि सिस्काय हे कृष्णवर्णीयांचे राखीव मुलूख. जमीन थोडी आणि रोजगार त्याहून थोडा. इथले पुरुष पिढ्यानपिढ्या जोहान्सबर्गकडच्या खाणींत कामाला गेले आणि बायका-मुलं मागे राहिली. पुढे एचआयव्हीच्या साथीने मधली पिढीच कापून काढली. त्यामुळे इथल्या कितीतरी मुलांना आजी सांभाळते, मावशी सांभाळते, कधी थोरली बहीण. आजीचं सरकारी पेन्शन आणि मुलाच्या नावचं बालअनुदान यांवर सगळं घर चालतं. या प्रकरणात 'पालक' म्हटलं की आईवडिलांबरोबर ही आजीही डोळ्यांसमोर ठेवावी. सत्तरीकडे झुकलेली बाई, पंधरा वर्षांचा नातू, महिनाअखेर आणि रिकामा डबा. मारहाण बहुतेक वेळा अशा जागी जन्माला येते. क्रूर स्वभावाची माणसं असतातच, पण त्यांच्याकडेच बोट दाखवत राहिलं तर बाकीच्या असंख्य घरांकडे आपलं लक्ष जात नाही.

पालकांना शिकवण्याचे कार्यक्रम जगात नवे नाहीत. अमेरिकेतल्या ओरेगॉन राज्यात जेराल्ड पॅटरसन यांनी विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात घरोघरी बसून आईवडील आणि मुलं एकमेकांशी प्रत्यक्ष कसं वागतात याच्या बारीक नोंदी केल्या. त्यांना दिसलेलं चक्र असं. मोठं माणूस काम सांगतं, मूल ऐकत नाही. मोठ्याचा आवाज चढतो, मग मुलाचाही चढतो. कुणीतरी एक थकून माघार घेतं. पालकाने माघार घेतली तर मूल शिकतं, की पुरेसा थयथयाट केला की काम टळतं. पालकाने हात उगारल्यावर मूल गप्प झालं तर पालक शिकतो, की शेवटी मारच लागू पडतो. दोघांनाही आपापला धडा मिळतो, आणि पुढच्या खेपेला दोघंही आधीपेक्षा वरच्या पट्टीत सुरुवात करतात. यात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट अशी, की मार 'उपयोगी पडतो' म्हणून टिकतो. त्या क्षणी तो खरोखरच शांतता आणतो. म्हणूनच 'मारणं वाईट' एवढं भाषण ऐकून कुणाचा हात थांबत नाही. ऐकणाऱ्याला ते पटतंही, पण संध्याकाळी घरी गेल्यावर करायचं काय, हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं.

पॅटरसन यांच्या कामातून आणि त्याच विचाराच्या इतरांकडून अमेरिकेत, ऑस्ट्रेलियात अनेक कार्यक्रम घडले. सिएटलमधल्या कॅरोलिन वेबस्टर-स्ट्रॅटन यांचा 'इन्क्रेडिबल इयर्स' आणि क्वीन्सलँडमधल्या मॅथ्यू सँडर्स यांचा 'ट्रिपल पी' हे त्यांतले नावाजलेले. पण त्यांचा भर मुख्यतः लहान मुलांवर, चालवायला प्रशिक्षित तज्ज्ञ लागणार, आणि साहित्याचा परवाना विकत घ्यावा लागणार. आफ्रिकेतल्या खेड्याला यातलं काहीच परवडणारं नव्हतं. त्यात पुन्हा एक समजूत आड येते, आणि ती आपल्याकडेही घट्ट आहे: कोवळी फांदी वाकवता येते, पोर मोठं झालं की काही खरं नाही. ही समजूत मला फार घातक वाटते. तेराव्या-चौदाव्या वर्षी मुलाला घराची गरज संपत नाही. उलट व्यसन, नको त्या संगती, मुलींच्या बाबतीत बाहेरचे धोके हे सगळं त्याच वयात दारात येऊन उभं राहतं, आणि नेमकं तेव्हाच घर त्याच्यावर पाठ फिरवतं किंवा हात टाकतं.

'सिनोवुयो'ने पहिली वेगळी गोष्ट केली ती म्हणजे मुलांनाही बैठकीला बोलावलं. चौदापैकी दहा बैठकांना पालक आणि मूल एकत्र बसत, चार बैठका वेगवेगळ्या होत. दोन वर्षांच्या बाळाच्या आईला एकटीला शिकवून भागतं. पंधरा वर्षांच्या मुलाला मात्र स्वतःची बाजू असते, आणि ती ऐकली जात नाही हेच निम्म्या भांडणांचं मूळ असतं. बैठका घेणारी माणसंही तज्ज्ञ नव्हती. स्थानिक समाजसेवा साहाय्यक आणि वस्तीतलीच माणसं प्रशिक्षण घेऊन हे काम करत. बैठकीत गरम जेवण असे. हा तपशील किरकोळ वाटेल, पण उपाशी माणसाला संयमाचे धडे देता येत नाहीत हे आयोजकांना कळलेलं होतं. एखादं कुटुंब येऊ शकलं नाही तर कार्यकर्ते त्याच्या घरी जाऊन त्या दिवशीचा भाग थोडक्यात करून घेत.

पहिल्या बैठकांत मारण्याविषयी उपदेश नव्हता. सुरुवात होती ती एकत्र वेळ घालवण्यापासून. रोज थोडा वेळ पालकाने मुलाबरोबर बसायचं, त्याला हवं ते करायचं, आणि त्या वेळात ना चौकशी, ना सूचना. त्यानंतर कौतुक. तिथल्या अनेक मोठ्यांना वाटत असे, की तोंडावर कौतुक केलं की पोर शेफारतं. ही भीती मराठी घराला वेगळी समजावून सांगायला नको. म्हणून कौतुक करण्याचाही सराव करून घेतला जाई: नेमकं काय चांगलं केलंस ते नाव घेऊन सांगायचं, आणि शेवटी 'पण' जोडायचा नाही.

मग भावनांविषयी बोलणं, आणि त्यापाठोपाठ राग. राग येऊ नये असं कुणी सांगत नसे. राग आला की क्षणभर थांबायचं, श्वासाकडे लक्ष द्यायचं, गरज पडली तर तिथून बाजूला व्हायचं आणि मगच बोलायचं, हे मोठे आणि मुलं दोघांनीही शिकायचं. यासाठी छोटी नाटुकली बसवली जात. आधी घरात नेहमी होतं तसं भांडण करून दाखवायचं, गटाने चर्चा करायची, मग तोच प्रसंग दुसऱ्या रीतीने करून पाहायचा. उदाहरणार्थ, मुलगा अंधार पडल्यावर घरी येतो आणि आजी दारातच काठी घेऊन उभी आहे. आजीची भूमिका नातवाने करायची आणि नातवाची आजीने, अशी अदलाबदल झाली की रागामागे काळजी होती हे मुलाला पहिल्यांदा उमगतं, आणि उशीर झाल्यावर घरी यायलाच भीती वाटते हे आजीला.

घरातले नियम दोघांनी बसून ठरवायचे आणि मोडल्यास काय होईल तेही आधीच ठरवायचं, वस्तीत कुठली वाट, कुठली वेळ धोक्याची हे मिळून पाहायचं, संकट आलं तर कुणाकडे जायचं याची यादी करायची, असे आणखीही विषय होते. त्यांतल्या एकावर थांबायला हवं, कारण पालकत्वाच्या कार्यक्रमात तो कुणाला अपेक्षित नसतो. तो म्हणजे पैसा. घरात किती येतात, कशावर जातात, थोडे तरी बाजूला कसे ठेवायचे याचा हिशेब पालक आणि मूल एकत्र मांडत. दक्षिण आफ्रिकेच्या गरीब वस्त्यांत 'माशोनिसा' म्हणजे चढ्या व्याजाने पैसे देणारा सावकार सगळ्यांच्या परिचयाचा. अनुदान हातात पडतं न पडतं तोच त्याच्याकडे जातं. घरात पैसे का नाहीत हे ज्या मुलाने स्वतः कागदावर मांडून पाहिलं, त्याला बुटांसाठी हट्ट धरताना वेगळं दिसतं. आणि ज्या बाईला महिनाअखेरीची धास्ती थोडी कमी वाटते, तिचा हातही लवकर सुटत नाही.

निकाल २०१८ साली प्रसिद्ध झाले. कार्यक्रम संपल्यानंतर पाच ते नऊ महिन्यांनी घेतलेल्या मुलाखतींमध्ये, बैठकांना आलेल्या पालकांनी सांगितलेलं अत्याचाराचं प्रमाण दुसऱ्या गटापेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी कमी होतं, आणि मारहाणीच्या शिक्षेतही जवळजवळ तेवढीच घट होती. पालक मुलांमध्ये जास्त लक्ष घालू लागले होते आणि मूल कुठे आहे, कुणाबरोबर आहे याकडे होणारं दुर्लक्ष कमी झालं होतं. या दोन्ही गोष्टी मुलांनीही वेगळ्याने सांगितल्या. पालकांचा मानसिक ताण, नैराश्य, दारू किंवा इतर नशा कमी झाली, मुलांमध्येही नशेचं प्रमाण घटलं. घरची आर्थिक घडी सुधारली.

आता यातली अडचण. अत्याचार किती कमी झाला हे मुलांना विचारलं तेव्हा दोन गटांतला फरक इतका लहान होता, की तो योगायोगानेही आला असेल असं संख्याशास्त्र म्हणतं. मुलांच्या वर्तनातल्या तक्रारींतही खात्रीने म्हणावा असा फरक पडला नाही. उपासमार, आजारपणाकडे काणाडोळा अशा हेळसांडीतही नाही. संशोधकांनी हे सगळं त्याच लेखात छापलं आहे. याचा अर्थ कसा लावायचा? पालकांना काय उत्तर 'बरोबर' आहे हे चौदा आठवड्यांत कळलेलं असतं, त्यामुळे त्यांनी स्वतःला थोडं चांगलं रंगवलं असेल, ही शक्यता नाकारता येत नाही. पण मुलांनीच सांगितलेलं वाढलेलं लक्ष, कमी झालेली नशा आणि सुधारलेली आर्थिक घडी यांची संगती लावली, तर घरं हलली होती हे मानावंच लागतं. माझ्या मते या निकालातून काढायचा धडा असा, की यापुढच्या प्रत्येक कार्यक्रमाचं मोजमाप मुलाच्या तोंडून व्हायला हवं. मार खाणाऱ्याची साक्ष ही पहिली साक्ष.

पुढे याच माहितीचं आणखी विश्लेषण झालं, तेव्हा बदलाच्या वाटा दिसल्या: पालकांचं वागणं, त्यांचं मन:स्वास्थ्य आणि घराचं अर्थकारण. केवळ 'कसं वागावं' हे शिकवून थांबणारे कार्यक्रम का फसतात याचं उत्तर यात आहे.

या चित्रात एक मोठी रिकामी जागा राहते, ती वडिलांची. ईस्टर्न केपमध्ये बैठकांना येणाऱ्या पालकांत बहुसंख्य बायका होत्या, आणि ज्या घरात पुरुष बाईला मारतो तिथे मुलावरचा हात एकट्या बाईला शिकवून थांबेल ही अपेक्षाच चुकीची. रवांडात 'बांदेबेरेहो' नावाच्या कार्यक्रमाने नेमकं इथे बोट ठेवलं. चार जिल्ह्यांतले लहान मुलांचे तरुण बाप गोळा करून त्यांच्या १५ बैठका घेतल्या, त्यांतल्या आठ बैठकांना त्यांच्या बायकांनाही बोलावलं. बाळंतपणापासून घरकामापर्यंत आणि मिळकत कशी खर्च करायची इथपासून भांडण कसं मिटवायचं इथपर्यंत सगळं. सुमारे १,२०० जोडप्यांवर केलेल्या चाचणीत, सुरुवातीपासून २१ महिन्यांनी बायकांना विचारलं. नवऱ्याने गेल्या वर्षात मारलं असं बैठकांना न गेलेल्या गटात ५७ टक्के बायकांनी सांगितलं, तर गेलेल्या गटात ३३ टक्के बायकांनी. मुलांना होणारी मारहाणही कमी झाली होती. सहा वर्षांनी पुन्हा तपासलं तेव्हाही फरक टिकून होता. इथली मुलं लहान होती, वयात आलेली नव्हती. पण आईला मारणारा आणि मुलाला मारणारा हात बहुधा एकच असतो, आणि दोन्हींवर उपचारही एकत्र करता येतो, हे या कामाने दाखवलं. सरकारी यंत्रणेत आजही बायकांवरच्या हिंसेचं खातं एका टेबलावर आणि मुलांवरच्या हिंसेचं दुसऱ्या टेबलावर असतं.

'सिनोवुयो'चं साहित्य मोफत खुलं ठेवल्याने ते दूरवर गेलं. टांझानियात 'फुराहा टीन्स' या नावाने ते हजारो कुटुंबांपर्यंत पोचलं. फोनवर, इंटरनेट नसतानाही चालणारं ॲप तिथेच तपासलं गेलं. कोरोनाच्या काळात याच मंडळींनी पालकांसाठीच्या सूचनांची एकेक पानी पत्रकं काढली आणि शंभरावर भाषांत त्यांची भाषांतरं झाली. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने मार्गदर्शक तत्त्वं जाहीर केली. त्यांत गरीब आणि मध्यम उत्पन्नाच्या देशांत २ ते १७ वर्षांच्या मुलांच्या सगळ्या पालकांना, पुराव्यावर आधारलेले असे कार्यक्रम सहज मिळावेत अशी शिफारस आहे. सतरा वर्षांपर्यंत, हे महत्त्वाचं.

कायदा यात कुठे बसतो? दक्षिण आफ्रिकेत शाळेतली छडी १९९६ मध्ये बंद झाली होती. सप्टेंबर २०१९ मध्ये तिथल्या घटना न्यायालयाने, 'वाजवी शिक्षा केली' हा आईवडिलांचा बचावही रद्द केला. त्याच्या चाळीस वर्षं आधी, १९७९ साली, मुलांना घरात मारण्यावर बंदी घालणारा स्वीडन हा जगातला पहिला देश ठरला होता, आणि स्वीडनने तेव्हा केलेली गोष्ट लक्षात ठेवण्याजोगी आहे. सरकारने घरोघरी पत्रक पाठवलं, न मारता मुलं कशी वाढवायची ते सांगणारं, आणि ही माहिती दुधाच्या खोक्यांवरही छापली, म्हणजे सकाळी न्याहारीच्या टेबलावर आईबाप आणि मुलं ती एकत्र वाचतील. कायदा सीमारेषा आखतो. तिच्या अलीकडे कसं जगायचं ते मात्र शिकवावंच लागतं.

आपल्या देशात २००९च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळेतली शारीरिक शिक्षा आणि मानसिक छळ बंद केला. घराबद्दल तेवढी स्पष्ट बंदी अजून नाही. केंद्राच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या मोठ्या पाहणीत १३ राज्यं होती, त्यांत महाराष्ट्र होता आणि गोवाही. दर तीन मुलांपैकी दोघांनी शारीरिक अत्याचार भोगला होता, आणि कुटुंबात मार खाल्लेल्या मुलांपैकी ८८.६ टक्के मुलांना मारणारे त्यांचे आईवडीलच होते. त्यानंतर महाराष्ट्रात पालकांसाठी काही चांगली कामं उभी राहिली. युनिसेफ आणि सेवाग्रामची महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था यांच्या साथीने शासनाने सुरू केलेल्या 'आरंभ' उपक्रमात अंगणवाडी ताई पालक मेळावे घेतात, बाळाशी खेळावं कसं, बोलावं कसं ते दाखवतात, बापांनाही बोलावतात. पण त्याचा भर आयुष्याच्या पहिल्या वर्षांवर आहे. बाळ मोठं होऊन आठवीत गेलं की पालकाला शाळेतून बोलावणं येतं ते बहुतेक वेळा तक्रार ऐकायला, आणि ती ऐकून घरी गेल्यावर मुलाचं काय होतं हे शाळेला ठाऊक असतं.

तेव्हा शिक्षक, अंगणवाडी ताई, आशा ताई, बचत गट चालवणाऱ्या बाया, वस्तीतली मंडळं, ज्यांच्या हातात माणसं एकत्र बसवणं आहे त्या सगळ्यांना विनंती: पुढची पालकसभा आठवी-नववीच्या मुलांसह घ्या. मुलांना तक्रार ऐकायला उभं करू नका, पालकांच्या शेजारी बसवा. वडील येतील अशी वेळ ठेवा. प्रगतिपुस्तकाआधी घरातल्या भांडणांविषयी आणि महिनाअखेरीविषयी बोला. आणि एखाद्या मुलाला घरातच गंभीर धोका आहे, लैंगिक अत्याचाराचा संशय आहे, असं कळलं तर बैठकांची वाट पाहू नका. ईस्टर्न केपमध्येही अशी प्रकरणं थेट समाजसेवा यंत्रणेकडे पाठवली जात. आपल्याकडे त्यासाठी १०९८ हा क्रमांक आहे. तो दिवसरात्र चालतो, फोन मोफत लागतो, आणि मूल स्वतःही तो लावू शकतं.